आजोबांची पलटण, नातवाची चार वर्षं: कॉलेजची जागा सोडून नौदलात गेलेल्या एका मुलाचं प्रकरण

हे प्रकरण कशाचं आहे

सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका गावातला मुलगा. 2023मध्ये बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पास झाला, तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि पहिलं सत्र पुरं व्हायच्या आत तो रद्द करून अग्निवीर म्हणून, म्हणजे अग्निपथ योजनेतल्या चार वर्षांच्या सेवेसाठी, नौदलात गेला. मी याच भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि बारावीनंतरच्या मार्गदर्शनाचं कामही माझ्याकडे आहे. त्यामुळे हा निर्णय होताना मी जवळून पाहिला. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पोरांना अभ्यास नको असतो म्हणून ती भरतीला जातात, हे वाक्य स्टाफरूममध्ये आणि एसटीत सारखं ऐकू येतं. या मुलाच्या बाबतीत ते अजिबात खरं नव्हतं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. घरच्यांच्या डोळ्यांसमोर एक फौज होती आणि मुलगा ज्यात निघाला होता ती नोकरी दुसरीच होती. हा फरक घरात बोलला गेला, पण फार उशिरा.

पार्श्वभूमी

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वडिलांची गिलनेटची, म्हणजे जाळ्याने मासे पकडायची छोटी होडी, आऊटबोर्ड इंजिनवाली. आई घर बघून सुकी मासळी विकते. धाकटी बहीण शाळेत. मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद. त्यानंतरही समुद्र शांत होईपर्यंत छोटी होडी बाहेर काढता येत नाही. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने घरात खात्रीने येणारा पैसा एकच, आजोबांची पेन्शन. आजोबांची औषधं ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यातूनच. मिक्सर आणि शिलाई मशीन फौजेच्या कॅन्टीनमधून, म्हणजे सवलतीच्या दुकानातून आलेलं. या घरात फौज म्हटलं की आधी आठवतं ते महिन्याच्या शेवटी पासबुकात उमटणारं पेन्शनचं नाव.

कोकणात अशी घरं पुष्कळ आहेत. दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात, तिथे कंपनी सरकारच्या काळापासून लष्करी पेन्शनर राहत आले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. 1944मध्ये इटलीच्या आघाडीवर मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे माणगावजवळच्या पळसगावचे. फौजेची वाट इथे पिढ्यांपासून पायाखालची आहे. कॉलेजची वाट त्या मानाने अलीकडची, आणि ती बहुतेकदा मुंबईला जाते.

आता या मुलाच्या तुकडीचं दुर्दैव पाहा. 16 मे 2021ला तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं. त्यांच्या घराचे पत्रे उडाले, होडीचं इंजिन गेलं. पतसंस्थेचं कर्ज तिथून सुरू झालं. त्याच वर्षी करोनामुळे दहावीची बोर्ड परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर सगळे पास. अकरावीला प्रवेश झाला आणि दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप लागला, तो एप्रिल 2022पर्यंत चालला. गावाहून कनिष्ठ महाविद्यालय 20 किलोमीटरच्या वर. ज्यांच्या घरी दुचाकी होती ती मुलं आली, बाकीची घरी बसली. हा मुलगा आठवड्यातून दोन-तीन दिवस मासळीच्या टेम्पोत बसून यायचा आणि प्रॅक्टिकल करून जायचा. बारावी ही त्याची आयुष्यातली पहिली बोर्ड परीक्षा.

तरीही तो चांगला पास झाला. कोकण विभागीय मंडळ बारावीच्या निकालात दरवर्षी राज्यात पहिलं येतं, 2023मध्ये निकाल 96 टक्क्यांवर होता. आम्ही शिक्षक त्याचा अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. पण पास झालेल्या पोरांनी पुढे जायचं कुठे, याची सोय त्या निकालाच्या तोडीची नाही.

अडचण

मुलाला इंजिनांची आवड. वडिलांच्या होडीचं इंजिन तो नववीपासून स्वतः खोलायचा. बी.एस्सी.चा अर्ज भरला तो तालुक्याला तेवढंच उपलब्ध होतं म्हणून. फी फार नव्हती. अडचण वेळेची होती. सकाळची पहिली गाडी चुकली की पहिले दोन तास बुडायचे आणि दुपारचं प्रॅक्टिकल पूर्ण केलं की संध्याकाळची शेवटची गाडी निघून गेलेली असायची. खोली घेऊन राहायचं तर भाडं आणि जेवण, म्हणजे पुन्हा पतसंस्था.

दुसरी गोष्ट त्याने मला सांगितली ती मी विसरणार नाही. त्याच्या वाडीत बी.एस्सी. झालेले तिघे आहेत. एक मुंबईत कुरिअर कंपनीत, एक हंगामात पर्यटकांना बोटीतून फिरवतो, एक बी.एड.साठी थांबलेला. तिन्ही कामं इमानाची आहेत. पण पदवीमुळे त्यांना काय मिळालं, हे त्याला दिसत नव्हतं. उलट फौजेत गेलेला मुलगा सुट्टीवर आला की काय बदललं ते सगळ्या वाडीला दिसतं: घराचा रंग, आईच्या हातातल्या बांगड्या, बँकेत मिळणारी खुर्ची.

तिसरी गोष्ट वयाची. अग्निवीर भरतीची मर्यादा तेव्हा साडेसतरा ते 21. तो मला म्हणाला, "सर, कॉलेज खंय पळान जाता? वय मात्र जातला."

यात तथ्य आहे, पण अर्धं. 2026ला पदवी हातात आली असती तेव्हा तो साडेवीसचा असता, म्हणजे जेमतेम एक भरती शिल्लक. वय लगेच संपत नव्हतं, पण प्रयत्न कमी होत होते. भरतीत पहिल्या फटक्यात निवड होणं विरळाच. म्हणून मुलं घाई करतात, आणि त्या घाईला मी उतावीळपणा म्हणणार नाही.

समोर असलेले पर्याय

मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात बारावी विज्ञानवाल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. माझं मत याच्या बाजूने होतं. इंजिनाची आवड असलेल्या मुलाला दोन वर्षांत यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा, पुढे वाटलं तर पदवी. घरच्यांना ते पटलं, पण दोन वर्षं कर्जाचे हप्ते कोण भरणार, इथे बोलणं थांबलं.

मुंबईला काकांकडे राहून सकाळचं कॉलेज आणि दुपारची नोकरी, हा कोकणातला जुना मार्ग. काकांची खोली दहा बाय बाराची, त्यात चौघे. काकांनी "ये" म्हटलं, काकूही मनापासून म्हणाल्या. मुलालाच ते नको होतं. कोणाच्या घरात अंग चोरून चार वर्षं काढायची नाहीत, हे त्याचं ठाम होतं.

शिपवर जाणं, म्हणजे मर्चंट नेव्ही. गावात एक एजंट येऊन गेला. रोख पैसे मागितले, पावती नाही, संस्थेचं नाव विचारलं तर टाळाटाळ. मी वडिलांना एवढंच सांगितलं की प्रशिक्षण देणारी संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्यतेची आहे का ते आधी बघा, मग पैशाचं बोला. एजंट पुन्हा आला नाही. किनाऱ्यावरची कितीतरी घरं इथे लाखांनी बुडाली आहेत.

तटरक्षक दल हा पर्याय मात्र घरात कोणाच्या डोक्यातच नव्हता, आणि इथे मला अजून हळहळ वाटते. तटरक्षक दल अग्निपथ योजनेत येत नाही. नाविक (जनरल ड्युटी) म्हणून भरती झाली की ती नियमित नोकरी, चार वर्षांची मुदत नाही. पात्रताही जवळपास तीच: बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, वय 18 ते 22. रत्नागिरीत त्यांचं ठाणं आहे, त्यांच्या गस्ती नौका हा मुलगा होडीतून रोज बघत होता. पण भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीतल्या मुलांच्या तोंडी आर्मी, नेव्ही आणि पोलीस, एवढेच शब्द. त्या वर्षी पुढची तुकडी काही महिन्यांवर होती. तोवर थांबायचं की समोर आहे ते घ्यायचं, एवढाच प्रश्न होता.

आणि नौदलातला अग्निवीर, म्हणजे एसएसआर, बारावी विज्ञानवाल्यांची भरती. निकाल 25 मेला लागला आणि काही दिवसांतच त्यांचे अर्ज सुरू झाले. मुलाने दोन्ही अर्ज भरले, कॉलेजचाही आणि नौदलाचाही. त्या वयात एवढी सावधगिरी दाखवली याचं मला कौतुक वाटतं.

पडवीवरची बैठक

निवडीच्या दुसऱ्या टप्प्याचं बोलावणं आलं तेव्हा वडिलांनी मला घरी बोलावलं. पडवीवर आजोबा, वडील, आई, मुलगा आणि मुंबईहून गणपतीला आलेले काका. आजोबा खुशीत होते. नातू पलटणीत न जाता नेव्हीत चालला एवढीच काय ती कुरकुर.

मी योजनेची कागदपत्रं छापून नेली होती. 14 जून 2022ला जाहीर झालेली ही योजना, सेवा चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 सेवा निधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या रकमेत कापले जातात, हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000 आणि हातात 28,000. चार वर्षांत मुलाचे कापलेले 5.02 लाख, तेवढेच सरकारचे, मिळून 10.04 लाख आणि वर व्याज, आयकर नाही. सेवेच्या काळात 48 लाखांचा विमा. चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना पुढे नियमित सेवेत घेणार. बाकीच्यांना सेवा निधी देऊन घरी पाठवणार.

मग पुढची ओळ वाचली. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस आणि कॅन्टीन नाही.

आजोबांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि ती ओळ बोटाने धरून मला पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. ते म्हणाले, "पेन्शन नाय तर ती पलटण कसली?" बराच वेळ कोणी बोललं नाही. काकांनी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड सुरू केली. आईचा प्रश्न सरळ होता: "चार वर्सांनी परत येतलो, मगे काय करतलो?"

योजनेबद्दल माणसाचं मत काहीही असो, आईच्या या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घराने सही करण्याआधी शोधलं पाहिजे. तिथे ते मुलाने दिलं. त्याचं म्हणणं असं: बी.एस्सी. करून तीन वर्षांनी मी इथेच असेन, हातात पदवी आणि डोक्यावर कर्ज. तिकडून चार वर्षांनी परत आलो तरी कर्ज फिटलेलं असेल, हातात दहा लाख असतील आणि वय 22 असेल. परत यायचंच असेल तर असं येईन.

हा हिशेब चूक म्हणता येत नाही. मी फक्त एक अट घालायला सांगितली: सेवेत असतानाच पदवीचं शिक्षण चालू ठेवायचं. सेवेतल्या अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा खास पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. पदवी असेल तर 22व्या वर्षी सीडीएस, म्हणजे पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेचं दार उघडं राहतं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांना 10 टक्के जागा राखून ठेवायचा निर्णय 2022मध्ये झाला होता, तिथेही शिक्षण कामी येतं.

तटरक्षक दलासाठी थांबावं, असं मी सुचवलं. वडिलांना ते पटत होतं. पण हातातलं बोलावणं सोडून पुढच्या परीक्षेच्या भरवशावर बसा, असं छातीठोकपणे सांगणं कोणालाच शक्य नव्हतं, मलाही नाही.

प्रत्यक्ष काय केलं

धावण्याची तयारी अकरावीपासूनच चालू होती. ओहोटीला पुळणीवरची ओली वाळू कडक होते, तिच्यावर पहाटे पाचला गावातली सात-आठ मुलं पळतात. तेव्हाची कसोटी 1.6 किलोमीटर साडेसहा मिनिटांत, शिवाय 20 उठाबशा आणि 12 जोर. वाळूवर त्याची वेळ बसत नव्हती आणि नडगीत कळ यायची. गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी बघितलं आणि त्याला वाळूवरून उठवून डांबरी रस्त्यावर घातलं. सड्यावरची शाळा ते एसटीचा थांबा, मोजून घेतलेलं अंतर. तीन आठवड्यांत वेळ सहा मिनिटांच्या आत आली. वाळू पायाला ताकद देते, पण परीक्षा मैदानावर असते, हे अकादमीत कोणी सांगितलं नव्हतं.

ऑनलाइन परीक्षेचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत, चुकीच्या उत्तराला गुण वजा. मराठी माध्यमाच्या मुलाची खरी कसोटी इथे होती. विज्ञान आणि गणित येत होतं, प्रश्नच समजायला वेळ जायचा. आम्ही दोन महिने रोज संध्याकाळी फोनवर दहा प्रश्न इंग्रजीतून सोडवले.

वैद्यकीय तपासणीआधी कान साफ करून घेतले, एक कुजकी दाढ भरून घेतली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण कानातल्या मळावरून नि दातांवरून रखडलेली मुलं माझ्या माहितीत आहेत. दाखले, जातीचा दाखला, अधिवास, गुणपत्रिका यांच्या प्रती कॉलेजात कागद जमा करण्याआधीच साक्षांकित करून ठेवल्या होत्या, त्यामुळे शेवटी धावपळ झाली नाही.

अंतिम यादीत नाव आल्यावर कॉलेजचा प्रवेश रद्द केला. नोव्हेंबर 2023मध्ये तो ओडिशातल्या आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. त्याच वर्षी 4 डिसेंबरला नौदल दिनाचा सोहळा तारकर्लीला झाला. सगळा जिल्हा युद्धनौका बघायला लोटला, आणि ज्याला त्या सगळ्यात जास्त बघायच्या होत्या तो चिल्काच्या परेड मैदानावर होता.

काय झालं

मार्च 2024मध्ये प्रशिक्षण पुरं करून तो बाहेर पडला. सध्या जहाजावर आहे. शाखा आपल्या मर्जीने मिळत नाही, पण त्याला यंत्रांशी संबंधित काम मिळालं आणि तो त्यात रमला आहे. घरी पैसे नियमित येतात. पतसंस्थेचं कर्ज जवळजवळ फिटलं, होडीला नवं इंजिन आलं.

सुट्टीचा मात्र घरच्यांना धक्का बसला. आजोबांना वर्षाला दोन-तीन महिने घरी यायची सवय होती. अग्निवीराला वर्षाकाठी 30 दिवस. पहिल्या वर्षी गणपती चुकला. आईने त्या वेळी माझ्याकडे जे बोलून दाखवलं, ते इथे लिहीत नाही.

इग्नूला नाव नोंदवलं आहे. अभ्यास रडतखडत चालतो, जहाज समुद्रात असलं की नेटवर्क नसतं. आणि त्या दहा लाखांना आतापासून तीन वाटेकरी झाले आहेत. वडिलांना घर बांधायचं आहे, काकांच्या मते मोठ्या होडीत भागी घ्यावी, आजोबा म्हणतात मुदत ठेवीत ठेवा म्हणजे महिन्याला व्याज येईल, पेन्शनसारखं. मुलाला स्वतःला आऊटबोर्ड इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप टाकायचं आहे. या चौघांत मला मुलाचा विचार सगळ्यात भक्कम वाटतो, कारण त्यात तो नौदलात शिकलेलं वापरेल. पण निर्णय झालेला नाही. त्याची चार वर्षं 2027च्या नोव्हेंबरात पुरी होतात.

निर्णय कुठे वेगळा होऊ शकला असता

पहिला फाटा बारावीत नव्हे, दहावीत होता. या मुलाने अकरावीला गणित ठेवलं ते शेजारच्या दादाने सांगितलं म्हणून. त्याच्या वर्गातल्या अनेकांनी गणित अवघड म्हणून सोडून जीवशास्त्र धरलं आणि नौदलाचं एसएसआर नि तटरक्षक दलाचं जनरल ड्युटी, दोन्ही दारं त्या दिवशी बंद झाली. सोळाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय आपण काय बंद करतो आहोत हे ठाऊक असताना तरी व्हावा.

दुसरा फाटा मला जास्त टोचतो. फौज की कॉलेज, असा प्रश्न मुळात पडायलाच नको होता. एनडीएत, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेलेल्या मुलाला प्रशिक्षणाबरोबर दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची पदवी मिळते. जेईई मेन ही अभियांत्रिकी प्रवेशाची परीक्षा दिलेली असेल तर नौदलाच्याच 10+2 बी.टेक. योजनेतून केरळात एझिमलाच्या नौदल अकादमीत अभियंता होता येतं, तेही सरकारी खर्चाने. एनडीएच्या तयारीसाठी दहावीनंतर मुलांना घेणारी राज्य शासनाची संस्था छत्रपती संभाजीनगरला 1977पासून आहे, मुलींसाठी नाशिकला 2023मध्ये सुरू झाली. आमच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या जवान झाले, हवालदार झाले, सुभेदार झाले. अधिकारी व्हायचा अर्ज असतो आणि तो बारावीत असतानाच भरायचा असतो, हे या घरात तीन पिढ्यांत कोणाला ठाऊक नव्हतं. या मुलाची झेप तिथपर्यंत जाती की नाही, ते मी सांगू शकत नाही. त्याला तो अर्ज भरायला मिळायला हवा होता, हे नक्की.

तिसरा, तटरक्षक दलाचा. दोन्ही परीक्षा एकाच तयारीत देता आल्या असत्या. अकादम्यांनी फी घेताना सगळ्या दलांच्या जागा, मुदत आणि निवृत्तीनंतर काय, याचा एक कागद मुलाच्या हातात दिला तरी पुष्कळ होईल.

कॉलेजांकडूनही थोडी अपेक्षा आहे. श्रेयांक बँकेत जमा करून ठेवण्याची आणि मध्ये थांबून पुन्हा शिकण्याची सोय नव्या शिक्षण धोरणात आहे. या मुलाने पहिल्या सत्रातले चार महिने वर्ग केले, परीक्षेला बसला नाही, म्हणून श्रेयांक शून्य. सत्राची परीक्षा देऊन गेला असता तर काहीतरी खात्यावर राहिलं असतं. त्या घाईत हे कोणी त्याच्या कानावर घातलं नाही.

आणि पडवीवरची ती बैठक निवडीच्या दुसऱ्या टप्प्याला न होता अर्ज भरण्याआधी व्हायला हवी होती. बोलावणं हातात आल्यावर घर मोकळेपणाने विचार करू शकत नाही.

धाकटी बहीण आता अकरावीत आहे. तिने गणित ठेवलं आहे. एनडीएत मुलींना 2022पासून प्रवेश आहे, हे तिला मी सांगायच्या आधीच माहीत होतं. आजोबांनी तिला एवढंच विचारलं की त्यात पेन्शन आहे का. आहे, म्हटल्यावर त्यांनी तिच्या इंग्रजीच्या शिकवणीची फी स्वतःच्या खात्यातून भरली.